शैवाकमापन

खडकावर वाढलेल्या शैवाकाच्या (दगडफुलाच्या) आकारावरून तो खडक किती काळ उघडा आहे याचा अंदाज बांधण्याची पद्धती. हिमनदी वितळून मागे हटली की तिच्या तोंडाशी व कडेला दगडगोट्यांचे बांध उरतात. या हिमोढांची वये ठरवून माघारीचे टप्पे लावण्यासाठी ती मुख्यतः वापरतात.

मसाल्यातले दगडफूल पानासारखे सुटे असते. कालमापनाला मात्र खडकाला कवचासारखी घट्ट चिकटलेली शैवाके लागतात, विशेषतः रायझोकार्पोन जिऑग्राफिकम ही थंड प्रदेशातील पिवळसर हिरवी, काळ्या कडेची जाती. तिची वाढ बहुधा वर्षाला १ मिमी.पेक्षाही कमी असते.

पद्धतीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. नॉर्वेतील वनस्पतिशास्त्रज्ञ क्नूट फेग्री यांनी १९३० च्या दशकातच हिमनद्यांसमोरील शैवाकांचा कालनिर्णयासाठी विचार केला होता. तथापि वय माहीत असलेल्या थडग्यांच्या दगडांवरून वाढीचा दर काढणे व त्यावर पद्धती उभारणे हे काम ऑस्ट्रियाच्या रोलंड बेशेल यांचे (१९५०). त्यामुळे जनकत्व बेशेल यांच्याकडे देणेच अधिक सयुक्तिक वाटते.

आधी थडगी, जुने पूल किंवा नोंद असलेले हिमोढ यांवरून स्थानिक वाढवक्र (शैवाकाचे वय व आकार यांचा संबंध दाखवणारा आलेख) तयार करतात. खडक उघडा पडल्यापासून शैवाक रुजेपर्यंत काही वर्षे, कधी काही दशके जातात. ती वयात मिळवावी लागतात. पुढे वाढ आधी जलद व नंतर मंद होते. मोजताना गोलसर, एकसंध शैवाकच निवडतात. दोन शैवाके एकमेकांत मिसळली असतील, तर काळी कड मधूनही गेलेली दिसते. अशी जोडी वगळतात. एकच सर्वांत मोठे शैवाक घ्यावे की पाच मोठ्यांची सरासरी, हा वाद जुना आहे. वरच्या कड्यावरून शैवाकासह घसरलेला एखादा जुना दगड पहिल्या रीतीत सगळा हिशेब बिघडवतो, म्हणून सरासरी अधिक विश्वासार्ह मानावी. जेरल्ड ऑस्बॉर्न व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पद्धतीच्या शास्त्रीयतेवरच आक्षेप घेतला. त्यातील वाढवक्रांवरची टीका रास्त आहे. पण गेल्या तीनेकशे वर्षांत किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली सेंद्रिय अवशेषांची वये संदिग्ध होत असल्याने शैवाकमापन पूर्णपणे टाकून देता येत नाही. मिळणारे वय बहुधा किमान वय समजावे.

हिमालयात केदारनाथजवळील चोराबारी हिमनदीच्या हिमोढांवर हे मापन झाले असून, त्यावरून तिची माघार अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुरू झाली असावी असे मांडले गेले आहे.

नाशिक जिल्ह्यात हिमोढ नाहीत. ब्रह्मगिरी, अंजनेरी यांच्या पायथ्याचे दगडांचे ढिगारे बेसाल्टच्या कड्यांची झीज व दरडी यांतून आले आहेत. त्यांना हिमनदीचे अवशेष समजू नये. दरडींच्या कालनिर्णयासाठी शैवाके इतरत्र वापरली गेली आहेत, पण हिमालयातील किंवा युरोपातील वाढवक्र सह्याद्रीच्या पावसाळी हवेत लावणे चूक ठरेल. स्थानिक वक्रासाठी नाशिकच्या नारोशंकर मंदिरासारख्या (१७४७) ज्ञात काळाच्या दगडी वास्तू प्रथमदर्शनी सोयीच्या दिसतात. मात्र घासलेला, चुना किंवा तेल लागलेला, दुरुस्तीत बदललेला दगड बांधकामाचे वर्ष सांगत नाही. भिंतीवरचे शैवाक शेवटच्या साफसफाईनंतर रुजलेले असू शकते.