लघुग्रहावरचं सोनं आणि जळगावचा सराफ बाजार

लग्नसराईत मामांसोबत जळगावच्या सराफ बाजारात गेलो होतो. भाव ऐकून मामा आधीच गप्प झालेले, मग हळूच मोबाईल माझ्यापुढे धरला. तोच व्हॉट्सअपवर फिरणारा मेसेज, सायकी नावाच्या लघुग्रहावर इतकं सोनं आहे की जगातला प्रत्येक माणूस अब्जाधीश होईल वगैरे. "मंग आता सोनं सस्तं होईन का रे भो?"

नाही मामा. एकतर तिथे मुख्यतः लोखंड आणि निकेल असावं, तेही दगडात मिसळलेलं, असा आताचा अंदाज आहे. नासाचं यान ऑक्टोबर 2023 ला निघालंय, 2029 ला पोचेल, पण ते नुसतं बघायला, खणायला नाही. आणि आणायचा खर्च बघा ना, ओसायरिस-रेक्स यान 2016 ला निघालं, बेन्नू लघुग्रहावरची माती घेऊन त्याची कुपी सप्टेंबर 2023 ला युटाच्या वाळवंटात उतरली, सात वर्षं, 100 कोटी डॉलरच्या वर खर्च, आणि हातात आलं काय तर 121.6 ग्रॅम. सराफाच्या हिशोबात बारा तोळे! मजुरी तुम्हीच काढा. बरं समजा ढिगाने सोनं आलंच, तर भावच पडेल, मग कसले अब्जाधीश.

खरा माल आहे पाणी. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या चांद्रयान-1 ने चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या, ध्रुवांजवळ असे खड्डे आहेत जिथे ऊन कधी पोचतच नाही, तिथे बर्फ आहे. पाणी फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे रॉकेटचं इंधन. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला 11.2 किमी वेग लागतो, चंद्रावरून फक्त 2.4, म्हणून इथून टँकर नेण्यापेक्षा तिथेच विहीर पाडलेली परवडेल असं गणित आहे. अजून कोणी पाडलेली नाही हा भाग वेगळा.

आता सातबारा कोणाच्या नावावर? 1967 च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार चंद्रावर कुठल्याच देशाला मालकी सांगता येत नाही, त्यामुळे ऑनलाइन चंद्रावरचे प्लॉट घेणाऱ्यांनी काय घेतलं देव जाणे. पण अमेरिकेने 2015 ला आणि लक्झेंबर्गने 2017 ला कायदे केले, जमीन तुमची नाही पण काढलेला माल तुमचा.

मामा रावेरचे, केळीवाले. "वावर कोनाचंच नाही अन् घड ज्यानं तोडला त्याचा? असं कुठं असतं का भो?"