जवसाच्या धाग्यापासून मेट्रोच्या लाईनपर्यंत

नागपुरात ‘लाईन’ या एका शब्दावर अख्खा दिवस निघतो. सकाळी सकाळी ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली, आणि ती जोडायला येतो तो लाईनमन. सीताबर्डीला मेट्रोच्या ऑरेंज लाईनवरून उतरून अ‍ॅक्वा लाईन पकडायची. सिव्हिल लाईन्समधल्या कचेरीत काम असलं की तिथे लाईनीत लागायचं. शेजारच्या काकू विचारतात, ‘पोरगा कोणत्या लाईनमध्ये आहे?’ उत्तर येतं, ‘मेडिकल लाईन.’ यातली एकही लाईन दुसरीसारखी नाही, तरी ऐकणारा क्षणभरही अडखळत नाही. हे न अडखळणं मला भाषेतलं फार मोठं नवल वाटतं. ते कसं जमतं याचा शास्त्रज्ञांनी बराच माग काढला आहे.

या शब्दाचं मूळ आपल्या स्वयंपाकघरातच आहे. विदर्भात भाकरीसोबत जी जवसाची चटणी खातात, त्या जवसाचं शास्त्रीय नाव ‘लिनम युसिटाटिसिमम’. आपण हे पीक बियांसाठी आणि तेलासाठी घेतो; नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर संशोधनही होतं. युरोपात मात्र त्याच्या उंच वाणांच्या खोडातून धागा काढत आले आहेत. लॅटिनमध्ये जवस म्हणजे ‘लिनम’ आणि त्याचा धागा म्हणजे ‘लिनिया’. लिनन कापड त्यातूनच आलं आणि कोटाच्या आतलं लायनिंगही. ताणलेला धागा सरळ राहतो, म्हणून लिनिया म्हणजे सरळ रेघ झाली, रेघेवरून रांग झाली. छावणीत सैनिकांच्या झोपड्या रांगेने उभ्या असत, त्यांना ‘लाइन्स’ म्हणत. मुलकी साहेबांची वस्ती वेगळी वसली, ती सिव्हिल लाइन्स.

हा प्रवास इंग्रजीनेच केला असंही नाही. आपल्याकडे गवंडी भिंतीला सूत लावतो आणि दोन माणसांचंही सूत जुळतं. संस्कृतात ‘सूत्र’ म्हणजे दोरा. तोच शब्द पाणिनीच्या नियमाला लागला, गणितातल्या सूत्राला लागला आणि आता बातमीतल्या ‘विश्वसनीय सूत्रांना’ही लागतो.

मग वीज कशी ‘लाईन’ झाली? रेघेसारखी ताणलेली तार ती लाईन, आणि त्या तारेतून येते तीही लाईन. याला आपल्या काव्यशास्त्रात लक्षणा म्हणतात. त्याचं जुनं उदाहरण ‘गंगेवर गवळीवाडा’ असं आहे. प्रवाहावर कुणी वाडा बांधत नाही, ऐकणारा आपसूक ‘गंगेच्या काठावर’ असं समजतो. अर्थ असा शेजारच्या वस्तूवर सरकतो आणि मागचा अर्थही जागेवर राहतो. एका शब्दाला अनेक अर्थ असण्याला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘पॉलिसेमी’ हे नाव दिलं.

अमेरिकी अभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी 1945 मध्ये यात एक गणिती नियम दाखवला: शब्दाच्या अर्थांची संख्या त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शंभरपट जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दाला ढोबळमानाने दहापट अर्थ. इंग्रजीतलं ‘रन’ हे साधं क्रियापद घ्या. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याचे 645 अर्थ नोंदवले आहेत. अर्थांची ही गर्दी म्हणजे भाषेचा ढिसाळपणा, असं पुष्कळांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. प्रत्येक अर्थाला नवा शब्द काढला असता तर लहान, सोपे, जिभेवर रुळलेले शब्द केव्हाच संपले असते. आपण तेच पुन्हा पुन्हा वापरतो, कारण नेमका अर्थ पुरवायला संदर्भ हजर असतो.

पण मेंदू योग्य अर्थ निवडतो कधी? 1979 मध्ये डेव्हिड स्विनी यांनी एक सुरेख प्रयोग केला. लोकांना वाक्यं ऐकवली, त्यात ‘बग’ हा शब्द होता. त्याचे अर्थ दोन: किडा आणि चोरून ऐकण्याचं यंत्र. वाक्यात कोळी, झुरळं असे उल्लेख होते, म्हणजे किडा हाच अर्थ उघड होता. ‘बग’ कानावर पडताक्षणी पडद्यावर अक्षरं दाखवली आणि विचारलं, हा खरा शब्द आहे का? ‘मुंगी’ लोकांनी झटकन ओळखला, पण ‘गुप्तहेर’सुद्धा तितक्याच झटकन. म्हणजे दोन्ही अर्थ मेंदूत जागे झाले होते. वाक्य आणखी तीनच उच्चार पुढे सरकल्यावर तपासलं, तर फक्त मुंगीचा फायदा उरला होता. नको असलेला अर्थ आपल्या नकळत, सेकंदाच्या आतच मावळतो.

पुढे 2002 मध्ये जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी यात एक बारकावा दाखवला. एकमेकांशी नातं असलेले अनेक अर्थ शब्द ओळखायला मदत करतात. नातं नसलेले अर्थ, जसे ‘बार्क’चे भुंकणं आणि झाडाची साल, उलट वेळ लावतात. ‘लाईन’चा पसारा एवढा असूनही तो जड का होत नाही, याचं एक कारण इथे सापडतं: त्या सगळ्या अर्थांत तोच धागा आहे.

आणि संदर्भ म्हणजे नेमकं काय? याची यादी व्याकरणकार भर्तृहरीने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात दिली आहे. सोबतचे शब्द, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल, स्वर. ‘सैंधव’ म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवताना सैंधव मागितलं तर मीठच आणायचं.

संगणकाला यातलं पहिलं कलम शिकायला फार काळ लागला. 2013 च्या सुमाराच्या गाजलेल्या पद्धतीत एका शब्दाला त्याचा अर्थ दाखवणारी आकड्यांची एकच माळ मिळे, म्हणजे विजेची लाईन आणि मेट्रोची लाईन एकच. 2018 पासूनची भाषा-मॉडेल्स आजूबाजूचे शब्द पाहून दर वाक्यात वेगळी माळ तयार करू लागली. पण ‘लाईन आली का?’ एवढाच मेसेज असेल, तर आजूबाजूला शब्दच नसतात. वादळाच्या रात्री नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातून तो आला असेल तर विचारणारा विजेबद्दल विचारतोय, हे नागपूरकराला लगेच कळतं. भर्तृहरीच्या यादीतले देश आणि काल यंत्राला अजून वेगळे सांगावे लागतात.