अत्याचारानंतर आधी दवाखाना, कागद नंतर : उपचार, तक्रार आणि मनोधैर्य योजना

लैंगिक अत्याचाराची घटना सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावर घडली आणि बाई आता बीडला माहेरी आली आहे. तक्रार कुठं द्यायची? मराठवाड्यात ऊसतोडीच्या हंगामात हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर सरळ आहे: जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुणाचीही असो, गुन्हा नोंदवावाच लागतो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पुढं तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो, आणि बलात्काराच्या प्रकरणात तो पीडितेच्या घरी किंवा ती सांगेल तिथं घेता येतो.

पण त्याही आधी दवाखाना. एफआयआर नाही, आधार कार्ड नाही, म्हणून उपचार थांबत नाहीत. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाला प्रथमोपचार आणि उपचार ताबडतोब व मोफत द्यावे लागतात (त्याच संहितेचं कलम 397). नाकारणं हा गुन्हा आहे. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड-लातूरची शासकीय महाविद्यालयं किंवा आपल्या जिल्ह्याचं सामान्य रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. म्हणून घाई.

शक्य असेल तर अंघोळ करू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवून सोबत न्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. अंघोळ झाली असेल, दिवस उलटले असतील, तरीही जा. तपासणीला बाईची संमती लागते. बोटं घालून करायची जुनी चाचणी सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट शब्दांत मना केली आहे; कुणी करू लागलं तर नाही म्हणा.

आता पैशांचं. राज्याची मनोधैर्य योजना ऑक्टोबर 2013 पासून आहे. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांतल्या पीडितांना तिच्यातून अर्थसहाय्य मिळतं. गंभीर प्रकरणात ते 10 लाखांपर्यंत जातं. उत्पन्नाचा दाखला गोळा करत तहसीलला खेटे घालू नका, मोफत वकील मिळायलाही महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. सोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, न्यायाधीशांसमोर जबाब झाला असेल तर त्याची प्रत, ओळखपत्र आणि बँक पासबुक ठेवा. मूल असेल तर वयाचा पुरावाही. एखादा कागद कमी असला तरी अर्ज देऊन टाका, आणि पोच घ्याच. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही.

पीडिता अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोपी त्या समाजाबाहेरचा, तर गुन्ह्याला अॅट्रॉसिटी कायदा लावून घ्या. त्यातली मदत समाजकल्याण विभागाकडून टप्प्याटप्प्यानं येते. त्यासाठी जातीचा दाखला लागतो.

पीडित अठरा वर्षांखालची असेल, तर घटना कळलेल्या प्रत्येकावर पोक्सो कायद्यानं (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. गावात चार माणसं बसून "पोरीच्या लग्नाचं बघा, मिटवून टाका" असं सांगतात तेव्हा घरच्यांवर केवढं दडपण येतं! पण हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि पीडितेचं नाव जाहीर करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एकटीनं ठाण्यात जायची हिंमत होत नसेल तर आधी सखी वन स्टॉप सेंटरला जा. तिथं तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि वकील मिळतो. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, कायद्याच्या मदतीसाठी 15100, आणि जीवाला धोका असेल तर थेट 112.