हवा सोडल्यावर टायर वाढतो तरी कुठे?

किनाऱ्यावर गाडी वाळूत रुतली की कुणीतरी सांगतोच, "हवा कमी करा, टायर रुंद होतो." सल्ला बरोबर, पण कारण चुकीचं.

हवा सोडल्यावर टायर आडवा पसरतो तो जेमतेम. जमिनीला जास्त टेकतो तो लांबीत. ढोबळ हिशोब करू. चाकावर भार ४०० किलो, हवा ३० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. टेकलेली जागा झाली २०० चौरस सेंटिमीटर. टायर २० सेंमी रुंद, तर ठसा १० सेंमी लांब. हवा निम्म्यावर आणा: रुंदी जवळपास तीच, लांबी २० सेंमी. (टायरच्या भिंतींचा ताठपणा इथे सोडून दिलाय.)

दाब निम्मा, म्हणून रुतणं कमी. शिवाय चाकापुढे साचणारा वाळूचा ढीग रुंदीबरोबर वाढतो. लांबट ठशाला तो त्रास कमी. चाक किती खोल जाईल याचं गणित पोलंडमध्ये जन्मलेल्या एम. जी. बेकर यांनी १९५० च्या दशकात मांडलं. चंद्रावरच्या गाडीच्या रचनेतही त्यांचा हात होता, आणि गंमत म्हणजे तिच्या तारेच्या जाळीच्या चाकांत हवाच नव्हती!

डांबरी रस्त्याला लागलात की हवा लगेच भरून घ्या, नाहीतर टायर तापून फुटेल.