बहु-क्लायंट टीसीपी सर्व्हर

टीसीपी (नेटवर्कवर माहिती खात्रीने व क्रमाने पोचवण्याचा नियमसंच) वापरून एकाच पोर्टवर (संगणकावरील सेवेच्या क्रमांकावर) एकाच वेळी अनेक क्लायंटना, म्हणजे सेवा मागणाऱ्या प्रोग्रामना, सेवा देणारा प्रोग्राम. प्रत्येक क्लायंटमागे एक थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) लावणे ही तो बांधण्याची सर्वांत सरळ रीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत टीसीपी सॉकेटचे (प्रोग्रामच्या हाती असलेल्या जोडणीच्या टोकाचे) प्रात्यक्षिक असते: हॅलो म्हणणे, फाइल पाठवणे, कॅल्क्युलेटर. एका क्लायंटवर ते चालले की जर्नलवर सही मिळते. ‘दुसरा क्लायंट आला तर?’ हा प्रश्न मग तोंडी परीक्षेत गाठतो.

सॉकेटची ही पद्धत १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सपासून रुळली. सर्व्हर हा सॉकेट (टोक तयार करणे), बाइंड (ते पोर्टला बांधणे), लिसन (जोडण्यांसाठी कान देणे), ॲक्सेप्ट (जोडणी स्वीकारणे) या क्रमाने जातो. गोंधळ होतो तो ॲक्सेप्टपाशी. लिसन करणाऱ्या सॉकेटवरून माहितीची देवाणघेवाण होतच नाही. ॲक्सेप्ट दर जोडणीसाठी नवे सॉकेट देतो. पोर्ट तोच राहतो आणि दोन्ही टोकांचे आयपी पत्ते व पोर्ट यांवरून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जोडण्या ओळखतो. थ्रेड एकच असेल तर तो पहिल्या क्लायंटच्या रिसीव्हवर, म्हणजे त्याच्याकडून माहिती येण्याची वाट पाहत, अडकून बसतो. दुसऱ्याची जोडणी तरीही कर्नल परस्पर पूर्ण करून रांगेत ठेवतो. म्हणून ‘कनेक्ट झाले, पण उत्तर नाही’ असा चमत्कारिक प्रकार दिसतो.

म्हणून मुख्य थ्रेडने फक्त ॲक्सेप्ट करत राहावे आणि नवे सॉकेट नव्या थ्रेडच्या हवाली करावे. सी भाषेत येथे एक जुना सापळा आहे: लूपमधील एकाच चलाचा पत्ता सर्व थ्रेडना दिला, तर पुढचा ॲक्सेप्ट ती किंमत पुसतो आणि दोन थ्रेड एकाच क्लायंटशी बोलू लागतात. फोर्क (चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, दुसरी प्रत काढणे) शिकून आलेल्यांची चूक वेगळी. तिथे पालक प्रोसेसने नव्या सॉकेटची आपली प्रत बंद करायची असते. थ्रेडमध्ये सॉकेट सामायिक असल्याने तसे केले की जोडणीच जाते. चॅटमधील क्लायंटांची यादीही सामायिक, तिला म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) हवेच.

टीसीपी बाइटांचा प्रवाह पोचवतो, संदेश नव्हे. एका सेंडचा मजकूर दोन रिसीव्हमध्ये येऊ शकतो. एकाच मशीनवरच्या चाचणीत हे सहसा दिसत नाही. म्हणून संदेशाची लांबी आधी पाठवावी.

लिनक्सवर दर थ्रेडच्या स्टॅकसाठी बहुधा ८ एमबी आभासी जागा राखली जाते. शेकडो क्लायंटपर्यंत ही रचना पुरते. हजारोंसाठी ईपोलसारखी (एकाच थ्रेडला अनेक सॉकेटांवर लक्ष ठेवू देणारी लिनक्सची सोय) घटनाधारित पद्धत वापरतात.