इव्हा हेसचं रबर कडक का पडलं?

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमकडे अमेरिकन शिल्पकार इव्हा हेसचं 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' हे १९६९ चं शिल्प आहे. फायबरग्लासचे साधारण तीन मीटर उंच दांडे, आणि त्यांच्यामध्ये पडद्यासारखं लोंबणारं, रबराचा चीक फासलेलं विरळ सुती कापड. केलं तेव्हा ते फिकट, मऊ, प्रकाश आरपार जाईल असं होतं, आता गडद तपकिरी आणि कडक झालंय. फोटो बघून बरेच जण पहिलं हेच म्हणतात की म्युझियमने नीट सांभाळलं नाही, काचेत ठेवायला हवं होतं. पण खरं कारण रबराच्या रेणूतच आहे.

चिकातलं रबर म्हणजे पॉलिआयसोप्रीन, पाच-पाच कार्बनचे हजारो तुकडे जोडून झालेली लांबलचक साखळी, आणि प्रत्येक तुकड्यात एक दुहेरी बंध. या बंधाच्या विशिष्ट ठेवणीमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जात नाहीत, वेटोळी घालून मोकळ्या राहतात, म्हणून रबर ताणलं जातं. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. त्याच दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो, प्रकाशाने किंवा उष्णतेने तो निघाला की तिथे फ्री रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिल्याने कशावरही झडप घालणारा रेणू, तयार होतं, ते लगेच हवेतला ऑक्सिजन पकडतं, पेरॉक्सी रॅडिकल बनतं आणि दुसऱ्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतं, म्हणजे इथे हायड्रोपेरॉक्साइड तयार झालं आणि तिकडे नवं रॅडिकल. हे हायड्रोपेरॉक्साइड फुटलं की आणखी रॅडिकल्स, त्यामुळे वेग आपोआप वाढत जातो. तांब्याचे अंश असतील तर आणखी जोरात. साखळ्या तुटल्या की रबर चिकट होतं, एकमेकींना जखडल्या की कडक, आणि कपाटात विसरलेल्या जुन्या रबरबँडमध्ये हे दोन्ही दिसतं. गंधक घालून व्हल्कनाइझ केलं, म्हणजे तापवून पक्कं केलं, तरी बहुतेक दुहेरी बंध तसेच शिल्लक राहतात, त्यामुळे तेही यातून सुटत नाही. त्यात हेसचे थर पातळ, म्हणजे हवेला भरपूर पृष्ठभाग मिळाला.

दांड्यांमधलं फायबरग्लास आणि त्याला घट्ट धरणारी पॉलिएस्टर रेझिन ही कृत्रिम राळ पिवळी पडते, पण उभी राहते. न्यूयॉर्कच्याच मोमा म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधली तिची 'रिपिटिशन नाइन्टीन थ्री', म्हणजे फायबरग्लासचे १९ वेडेवाकडे डबे, आजही उभे आहेत. 'नैसर्गिक म्हणजे टिकाऊ, केमिकल म्हणजे वाईट' असं सांगून माल खपवणाऱ्यांनी हे जरूर बघावं, इथे झाडाचा चीक आधी गेला, कारखान्यातलं रेझिन राहिलं. आणि झाडाचा चीकसुद्धा केमिकलच आहे.

हेस १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या ज्यू घरात जन्मली, नाझींपासून वाचवण्यासाठी लहानपणीच जर्मनीबाहेर पाठवली गेली, न्यूयॉर्कला वाढली, आणि १९७० मध्ये ब्रेन ट्यूमरने गेली तेव्हा ३४ वर्षांची होती. लॅटेक्स, म्हणजे हाच रबराचा चीक, टिकत नाही हे तिला माहीत होतं, विकत घेणाऱ्यांबद्दल थोडं अपराधी वाटायचं, तरी तिने ते वापरलं, कारण तेव्हा तिला रबर वापरणंच जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

अंधार, थंडी, कमी ऑक्सिजन यांनी ही क्रिया मंदावते. पण तुटलेल्या साखळ्या परत जोडून जुनं रबर आणता येत नाही. गुगेनहाइमने २०२२ मध्ये बऱ्याच वर्षांनी हे शिल्प पुन्हा मांडलं, आधी संवर्धनाचं काम करून. मांडलं ते कडक आणि तपकिरी झालेल्या रूपातच, नवं रबर फासून नाही, आणि मला तेच बरोबर वाटतं.