हायवे हलला, म्हणून एडकाही हलला

सिडनीहून ह्यूम हायवेने निघालं की साधारण १९५ किलोमीटरवर गोलबर्न लागतं. बाहेरगावचे बरेच लोक इथे थांबतात ते १५ मीटर उंच, १८ मीटर लांब काँक्रीटचा मेरिनो एडका बघायला. आज तो जिथे उभा आहे तिथे तो बांधलेला नाही, आणि त्याची खरी गोष्ट तीच आहे.

प्राणी निवडायला गोलबर्नला फार डोकं चालवावं लागलं नसणार. १७९७ साली केप ऑफ गुड होपहून मेरिनो मेंढ्या सिडनीला आल्या आणि बारीक, मऊ लोकरीची ही जात आतल्या थंड, कोरड्या पठारावर चांगली मानवली. १८६३ मध्ये गोलबर्नला शहराचा दर्जा मिळाला, १८६९ मध्ये रेल्वे आली आणि लोकरीचा बंदराकडचा रस्ता सोपा झाला. २० सप्टेंबर १९८५ ला पुतळा खुला झाला. त्याचा नमुना म्हणजे जवळच्याच एका पैदास केंद्रातला ‘रॅम्बो’ नावाचा एडका. पुतळ्यालाही तेच नाव चिकटलं. त्याला ‘मेंढी’ म्हणणाऱ्यांनी एकदा मागच्या बाजूने चक्कर मारावी, शिल्पकारांनी संशयाला जागा ठेवलेली नाही.

असे पुतळे गावाच्या चौकात का नसतात? कारण ते गावासाठी नसतातच. भरधाव गाडीतल्या माणसाला लांबूनच दिसावं, पोरांनी मागच्या सीटवरून ओरडावं आणि गाडी पंपाकडे वळावी, एवढंच त्यांचं काम. ऑस्ट्रेलियातल्याच कॉफ्स हार्बर गावचं महाकाय केळं १९६४ पासून हेच करतंय. कॅनडातल्या वावा गावी १९६० मध्ये ट्रान्स-कॅनडा हायवे पोचला, पण गावाला वळसा घालून; तेव्हा व्यापाऱ्यांनी फाट्यावर महाकाय हंस उभा केला. तो प्लास्टरचा होता. तिथल्या हिवाळ्यात भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि प्लास्टर फोडतं. १९६३ मध्ये त्याच्या जागी पोलादी हंस बसवावा लागला.

काँक्रीट जास्त टिकतं, पण त्याचंही दुखणं आहेच. आत पोलादी सांगाडा, वर जाळी, त्यावर सिमेंटचे थर. लोकरीच्या वळ्या दाखवल्या की खाचांत पाणी साचतं. केसाएवढ्या चिरेतून ते जाळीपर्यंत गेलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचा थर पोपडा धरून सुटतो. म्हणून अशा पुतळ्यांचा रंग निव्वळ शोभेचा नसतो. तो उडू लागला की दुरुस्ती लांबवून चालत नाही.

एडक्यावर मात्र संकट आलं ते रस्त्याचं. १९९२ मध्ये ह्यूम हायवेचा बायपास झाला, वाहतूक गावाबाहेरून जाऊ लागली आणि रॅम्बो जुन्या रस्त्याकडेला ओस पडला. शेवटी २६ मे २००७ ला सुमारे १०० टनांचं हे धूड अखंडच चाकांवर चढवून ८०० मीटर हलवलं गेलं, थेट नव्या हायवेच्या दक्षिण फाट्याजवळ. कुणाला हा वेडेपणा वाटेल. पण पाटी रस्त्याला दिसत नसेल तर ती पाटी कसली? त्याच वर्षी टपाल खात्याने अशा अजस्र पुतळ्यांची तिकिटं काढली, त्यांत हा एडकाही होता.

पोटात तळाला दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर लोकरीच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन. फोटोसाठी पायाशी उभं राहू नये, खूर मोठे आणि डोकं लिंबाएवढं येतं. पंचवीस-तीस मीटर मागे सरकून तिरकं उभं राहावं. सिडनीकडून येताना गोलबर्नचा पहिला फाटा सोडून दक्षिणेकडचा घ्यावा. पहिलाच घेतला तर ऑबर्न स्ट्रीटवरून अख्खं गाव ओलांडून एडक्यापाशी पोचाल, १९९२ पूर्वी सगळे पोचायचे तसे.